डॅक कार्ड आणि सॉफ्टवेअरचं जुळत नसेल तर: तारेपासून प्रोग्रॅमपर्यंत बिघाड कसा शोधायचा

नवा संगणक आला, त्याला जुनं डेटा ॲक्विझिशन (डॅक) कार्ड, म्हणजे सेन्सरचे संकेत आकड्यांत बदलून संगणकाला देणारं कार्ड, जोडलं आणि सॉफ्टवेअरने "डिव्हाइस सापडत नाही" म्हणून हात वर केले. किंवा काल संध्याकाळपर्यंत सुरळीत चालणारी मांडणी आज विंडोज अपडेटनंतर गप्प झाली. अशा वेळी दोन गोष्टी फार घाईने होतात. "कार्ड गेलं" असा निकाल लागतो, नाहीतर सगळं काढून पुन्हा इन्स्टॉल करायला घेतलं जातं. निकाल बऱ्याचदा चुकतो, आणि रीइन्स्टॉलने उरलासुरला पुरावाही पुसला जातो.

डॅकची साखळी लांब असते: सेन्सर, वायरिंग, कार्ड, यूएसबी किंवा पीसीआय बस, कर्नलमधला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला) ड्रायव्हर, कंपनीची लायब्ररी, तुमच्या प्रोग्रॅमिंग भाषेचं पॅकेज आणि सगळ्यात वर तुमचा प्रोग्रॅम. प्रत्येकाची आवृत्ती वेगळी आणि शेजाऱ्याबद्दलच्या अटीही वेगळ्या. एरर मात्र जवळजवळ नेहमी सगळ्यात वर दिसते, म्हणून माणूस तिथेच खोदत बसतो. शोध खालून वर घ्यायचा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढी शिस्त पाळली तर निम्मा गुंता आपोआप सुटतो.

हात लावण्याआधी लिहून काढा

कार्डाचा मॉडेल नंबर शेवटच्या अंकापर्यंत लिहा. एनआयचं (नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचं) यूएसबी-६००८ आणि यूएसबी-६००९ दिसायला सारखीच, पण पहिलं सेकंदाला १० हजार सॅम्पल (मोजमापं) घेतं आणि दुसरं ४८ हजार. ६००९ वर लिहिलेला प्रोग्रॅम ६००८ वर अडला तर त्यात ड्रायव्हरचा काही दोष नाही.

मग ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती आणि बिल्ड, ड्रायव्हरची आवृत्ती, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि ते ३२ बिट आहे की ६४ बिट, हे सगळं एका कागदावर उतरवा. विंडोजची अपडेट हिस्टरी उघडून शेवटच्या चार-पाच नोंदी पाहा. "काहीच बदललं नाही" हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येतं आणि ते क्वचितच खरं असतं. एररचा आकडा आणि पूर्ण मजकूरही जसाच्या तसा टिपून ठेवा. "काहीतरी टाइमआउट आलं" एवढ्याचा उपयोग नाही.

मांडणी महत्त्वाची असेल तर पुढे जाण्याआधी डिस्कची पूर्ण इमेज काढा. कंटाळवाणं काम आहे, पण जुन्या ड्रायव्हरचा इन्स्टॉलर नंतर मिळेलच याची खात्री नसते.

ऑपरेटिंग सिस्टिमला कार्ड दिसतंय का?

तुमचं सॉफ्टवेअर बंद ठेवा. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि केबल काढून पुन्हा लावा. यादी हलली, म्हणजे निदान वीज आणि बस यांचं बोलणं होतंय. अजिबात हलली नाही तर ड्रायव्हरच्या नादी लागू नका, दोष त्याच्याही खाली आहे.

केबल आधी बदला. फक्त चार्जिंगच्या केबलींत डेटाच्या तारा नसतात, आणि कार्डावरचा दिवा लागतो म्हणून ती फसवते. हब काढून कार्ड थेट संगणकाला लावा. यूएसबी २ चा पोर्ट जास्तीत जास्त ५०० मिलीॲम्पिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. स्वतःची वीज नसलेल्या हबवर चार उपकरणं टांगली की एखादं अधूनमधून गायब होणारच. यूएसबी २ च्या केबलची मर्यादा साधारण ५ मीटर. त्यापलीकडे साधं एक्स्टेन्शन लावलंत तर कधी चालेल, कधी नाही, आणि "कधी कधी चालतं" यासारखा छळणारा बिघाड नाही.

कार्ड लावल्यावर चालतं आणि बराच वेळ गेल्यावर नाहीसं होतं, असा प्रकार असेल तर पॉवर प्लॅनमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली "वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या" ही खूणही काढा. रात्रभराच्या रेकॉर्डिंगमध्ये पहाटेचा डेटा गायब असण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

यादीत कार्ड दिसतं पण त्यावर पिवळं चिन्ह आहे, तर प्रॉपर्टीजमधला कोड वाचा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण उपकरण सुरू होत नाही. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही विंडोजला पटलेली नाही. कोड ३९ म्हणजे ड्रायव्हर लोड करता आला नाही. कोड ४३ आला की मात्र केबल, पोर्ट आणि खुद्द कार्ड यांच्याकडे संशयाने पाहा, कारण तिथे उपकरणानेच गडबड कळवलेली असते.

"अननोन डिव्हाइस" एवढंच दिसत असेल तर डिटेल्समधून हार्डवेअर आयडी काढा. त्यातला व्हेंडर आयडी बनवणारा कोण ते सांगतो: ३९२३ एनआयचा, ०४०३ एफटीडीआयचा, ०६७बी प्रोलिफिकचा, १ए८६ सीएच३४० चिपवाल्यांचा. कार्डावर नाव कुणाचंही छापलेलं असो, ड्रायव्हर शोधायचा तो या आकड्यावरून.

पीसीआय कार्ड असेल तर आधी खाचा पाहा. पीसीआय कार्ड पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसत नाही. पीसीआयमध्येही ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्टच्या स्लॉटच्या खाचा वेगळ्या जागी असतात, त्यामुळे जोर लावायची वेळ आली तर थांबा. ॲडॉप्टर मिळतात, पण काटेकोर टायमिंगच्या कामात त्यांच्यावर भरवसा ठेवण्याआधी चाचणी घ्या.

ड्रायव्हर: नवीन म्हणजे योग्य असं नाही

"लेटेस्ट ड्रायव्हर टाका" हा सल्ला छापील असल्यासारखा मिळतो. डॅकच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे. कंपन्या नव्या आवृत्तीतून जुन्या कार्डांचा सपोर्ट काढतात, म्हणून सर्वांत नवा ड्रायव्हर जुन्या कार्डाला ओळखणारच नाही असं होऊ शकतं. हवी असते ती अशी आवृत्ती, जिच्या रीडमीमध्ये तुमचं कार्ड, तुमची ऑपरेटिंग सिस्टिम आणि तुमचं सॉफ्टवेअर हे तिघंही आहेत. तीन रकान्यांचा तक्ता करा आणि कुठली आवृत्ती तिन्हींत येते ते पाहा. एकही येत नसेल तर तिघांपैकी एकाला बदलावं लागणार, हे तेव्हाच कळलेलं बरं.

एनआयच्या जुन्या प्रणालींत आणखी एक गोम आहे. ट्रॅडिशनल एनआय-डॅक आणि एनआय-डॅकएमएक्स हे दोन वेगळे ड्रायव्हर आहेत, त्यांची फंक्शन्सही वेगळी. पहिल्यावर लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नाही. तो नव्याने लिहावा लागतो. इथे सेटिंग शोधत बसू नका, तसं सेटिंग नाही.

इन्स्टॉल करण्याचा क्रमही पाळा. लॅबव्ह्यू (एनआयचं प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअर) आधी, डॅकएमएक्स नंतर. ड्रायव्हरचा इन्स्टॉलर संगणकावर लॅबव्ह्यूच्या कोणत्या आवृत्त्या आहेत ते पाहून त्यांच्यापुरत्याच फाइली टाकतो. लॅबव्ह्यू मागाहून टाकलं तर पॅलेटवर डॅकएमएक्सचं नावच दिसत नाही आणि जुना प्रोग्रॅम उघडताना फाइली सापडत नसल्याची तक्रार येते. ड्रायव्हरचा इन्स्टॉलर पुन्हा चालवून सपोर्ट जोडला की काम होतं.

विंडोजच्या ६४ बिट आवृत्त्यांना सही केलेलाच कर्नल ड्रायव्हर लागतो, आणि विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून नव्या ड्रायव्हरांसाठी नियम आणखी कडक झाले. शिवाय विंडोज ११ च्या बऱ्याच नव्या संगणकांवर कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी सुरूच असते, आणि ती तिच्या नियमांत न बसणारे जुने ड्रायव्हर अडवते. ती बंद करून कार्ड चालू लागलं तर निदान पक्कं झालं, पण तो कायमचा उपाय मानू नका. चाचणी संपली की पुन्हा सुरू करा आणि कंपनीकडे सुधारित ड्रायव्हर मागा. तो नसेलच तर ते कार्ड वेगळ्या, नेटवर्कपासून तोडलेल्या संगणकावर हलवा.

यूएसबी-सिरीयल चिपवर चालणाऱ्या स्वस्त मॉड्यूल्सची गंमत निराळी. प्रोलिफिकच्या नव्या ड्रायव्हरने जुन्या पीएल२३०३ चिपा नाकारायला सुरुवात केली. चिप बंद झाल्याचा मजकूर चक्क डिव्हाइस मॅनेजरमध्ये उपकरणाच्या नावाच्या जागी दिसतो. जुना ड्रायव्हर निवडून ती चालवता येते, पण विंडोज अपडेट तो परत बदलू शकतं. दुसरी चिप असलेली केबल घेणं अधिक शहाणपणाचं.

लिनक्सवर कार्ड लावून लगेच कर्नलचे संदेश वाचा. पोर्ट तयार होतो पण उघडताना परवानगी नाकारली जाते, तर तुमचं खातं डायलआउट ग्रुपमध्ये नाही किंवा यूडेव्हचा (उपकरणांच्या परवानग्या ठरवणाऱ्या व्यवस्थेचा) नियम नाही. प्रोग्रॅम रूट म्हणून चालवणं हा उपाय नव्हे, तपासणी आहे. पोर्ट दिसतो आणि क्षणात नाहीसा होतो, तर दोन संशयित आहेत. मोडेममॅनेजर नव्या सिरीयल पोर्टला मोडेम समजून त्याच्याशी बोलू पाहतो. ब्रेल डिस्प्लेसाठीची बीआरएलटीटीवाय ही सेवा उबंटू २२.०४ वर सीएच३४० ची चिप आपलीच समजून ताब्यात घेते. ब्रेल डिस्प्ले वापरात नसेल तर ती काढून टाका. कर्नल अपडेटनंतर कार्ड बंद पडलं असेल तर ड्रायव्हरचं मॉड्यूल नव्या कर्नलसाठी बांधलं गेलं का आणि सिक्युअर बूट त्याला अडवतंय का, हे पाहा.

टेस्ट पॅनल: इथे सीमारेषा आखा

या संपूर्ण शोधात एकच पायरी करायला वेळ असेल, तर ही करा. एनआयच्या कार्डांसाठी मॅक्स, एमसीसीच्या (मेजरमेंट कम्प्युटिंग कंपनीच्या) कार्डांसाठी इन्स्टाकॅल, लॅबजॅकच्या टी मालिकेसाठी किपलिंग, अशी प्रत्येक कंपनीची आपली चाचणी खिडकी असते. त्यात सेल्फ टेस्ट घ्या आणि एक चॅनेल वाचून पाहा.

काय जोडायचं? सेन्सर नको, त्यात शंकेला जागा आहे. १.५ व्होल्टचा साधा सेल घ्या. डिफरन्शियल मोडमध्ये (दोन तारांमधला फरक मोजण्याच्या पद्धतीत) धन टोक एआय (ॲनालॉग इनपुट) प्लसला, ऋण टोक एआय मायनसला, आणि ऋण टोकापासून एक तार एआय ग्राउंडलाही. नवा सेल असेल तर १.५ ते १.६ च्या आसपास स्थिर आकडा दिसायला हवा. सेल उलटा लावा, चिन्ह उलटलं पाहिजे. कार्डाला ॲनालॉग आउटपुट असेल तर एओ ० ची (त्या आउटपुटची) तार एआय ० ला जोडा, २ व्होल्ट द्या आणि २ व्होल्ट परत येतात का पाहा.

हे सगळं जमलं तर कार्ड, केबल, बस आणि ड्रायव्हर निर्दोष. शोध वरच्या अर्ध्यात गेला. नाही जमलं तर तुमच्या प्रोग्रॅममधली एकही ओळ बदलू नका.

याची उलट बाजूही वापरता येते आणि ती फार कमी लोक वापरतात. मॅक्समध्ये त्याच मॉडेलचं सिम्युलेटेड डिव्हाइस तयार करता येतं. त्याला खऱ्या कार्डाचंच नाव द्या आणि प्रोग्रॅम चालवा. खोट्या कार्डावर प्रोग्रॅम धावला आणि खऱ्यावर अडला, तर कोडवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. कार्ड कुरिअरने यायचं असतानाही सॉफ्टवेअर जुळतंय का हे असं आधीच कळतं.

३२ की ६४?

टेस्ट पॅनल चालतं, प्रोग्रॅम चालत नाही. पहिला संशय बिटांचा. ६४ बिट प्रोग्रॅम ३२ बिट डीएलएल (विंडोजची लायब्ररी फाइल) आपल्या प्रोसेसमध्ये लोड करू शकत नाही, आणि उलटही नाही. पायथनमध्ये विनएरर १९३ आली, "वैध विन३२ ॲप्लिकेशन नाही" असं म्हणाली, तर बहुधा हेच. विनएरर १२६ तिची चुलत बहीण: डीएलएल कदाचित जागेवर आहे, पण ती ज्या दुसऱ्या डीएलएलवर अवलंबून आहे ती नाही. बहुतेकदा व्हिज्युअल सी++ चं रिडिस्ट्रिब्युटेबल बसवायचं राहिलेलं असतं.

तुमचं पायथन किती बिटांचं ते इंटरप्रिटर सुरू करताच पहिल्या ओळीत लिहिलेलं दिसतं. मॅटलॅब विंडोजवर आर२०१६ए पासून फक्त ६४ बिट आहे, म्हणजे त्या आधीची ३२ बिट डीएलएल नव्या मॅटलॅबमध्ये थेट येणार नाही. लॅबव्ह्यूच्या दोन्ही आवृत्त्या मिळतात, पण काही ॲड-ऑन एकाच आवृत्तीत असतात; हार्डवेअर जुनं असेल तर ३२ बिट घेणं सोयीचं पडतं.

कंपनीने ६४ बिट लायब्ररी दिलीच नसेल तर एक छोटा ३२ बिट प्रोग्रॅम लिहा, जो फक्त कार्ड वाचतो आणि आकडे सॉकेटवरून मुख्य प्रोग्रॅमकडे पाठवतो. दिसायला ओबडधोबड, पण वर्षानुवर्षं चालतो.

पायथनचं निडॅकएमएक्स पॅकेज हा केवळ वरचा पापुद्रा आहे, ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. मॅटलॅबमध्ये टूलबॉक्सशिवाय त्या कंपनीचं सपोर्ट पॅकेजही लागतं. आर२०२०ए मध्ये तिथे नवा इंटरफेस आला, त्यामुळे जुन्या सेशन पद्धतीचा कोड नव्या आवृत्तीवर नेताना तो बदलायची तयारी ठेवा.

एररचे आकडे काय सांगतात

डॅकएमएक्समध्ये -२००२२० आली तर डिव्हाइसचं नाव चुकलंय. कार्ड बदललं किंवा दुसरं लावलं की "डेव्ह१" चं "डेव्ह२" होतं आणि प्रोग्रॅम जुनंच नाव हाका मारत बसतो. मॅक्समध्ये नाव बदलून पूर्ववत करा. सिरीयल उपकरणांत कॉम पोर्टच्या नंबरचं हेच होतं.

-५०१०३ म्हणजे साधन दुसऱ्याने अडवून ठेवलंय. टेस्ट पॅनलची खिडकी उघडीच राहिली असेल, किंवा मागच्या वेळी प्रोग्रॅम आपली टास्क (डॅकएमएक्समधलं मोजमापाचं काम) न मिटवता बंद पडला असेल. टास्क मॅनेजरमध्ये जुनी प्रोसेस शोधून बंद करा.

-२००२८४ म्हणजे मागितलेली सॅम्पल ठरलेल्या वेळेत आलीच नाहीत. बाहेरचा ट्रिगर किंवा क्लॉक पोहोचत नाही, किंवा हिशेबच जमत नाही. सेकंदाला १०० च्या वेगाने २००० सॅम्पल मागितली तर २० सेकंद लागणार, आणि टाइमआउट १० सेकंदांचा असेल तर एरर ठरलेलीच.

-२००२७९ वर थोडं थांबू, कारण तिला हमखास "ड्रायव्हरचा प्रॉब्लेम" म्हटलं जातं. समजा एका चॅनेलवर सेकंदाला १०,००० सॅम्पल घेताय आणि लूपच्या प्रत्येक फेरीत १०० वाचताय. म्हणजे सेकंदाला १०० फेऱ्या व्हायला हव्यात, एका फेरीला १० मिलिसेकंद. त्याच लूपमध्ये ग्राफ काढणं आणि फाइलमध्ये लिहिणं आहे, त्यामुळे फेरीला २५ मिलिसेकंद लागतात. मग सेकंदाला ४० फेऱ्या, ४,००० सॅम्पल वाचली, ६,००० मागे साठली. या वेगाला डॅकएमएक्स आपणहून १०,००० सॅम्पलचा बफर ठेवतं. तो दोन सेकंदांच्या आत भरतो आणि न वाचलेल्या सॅम्पलवर नवी सॅम्पल लिहिली जातात. संगणक बदलून काही होणार नाही. एका फेरीत १,००० सॅम्पल वाचा, आणि फाइल लिहिण्याचं काम रांग लावून वेगळ्या लूपला द्या. नुसता बफर वाढवला तर तीच एरर उशिरा येईल, एवढाच फरक.

-२००३६१ वेगळी: इथे कार्डावरचीच मेमरी भरते, कारण बस डेटा वेळेत उचलत नाही. हब काढा, त्याच कंट्रोलरवरचा वेबकॅम किंवा बाहेरची डिस्क हलवा.

एरर नाही, पण आकडे खोटे

हा प्रकार सगळ्यात धोक्याचा, कारण कुणीच ओरडत नाही.

काही जोडलेलं नसताना यूएसबी-६००८ च्या चॅनेलवर सुमारे १.४ व्होल्ट दिसतात. तो बिघाड नाही, आतल्या रोधांच्या जोडणीमुळे तसं येतं. पण तुटलेल्या तारेवर हाच आकडा आला आणि तुमचा सेन्सर ० ते ५ व्होल्टचा असेल, तर तो खरं मोजमाप म्हणून फाइलमध्ये जातो.

शेजारच्या चॅनेलची सावली दिसत असेल तर लक्षात घ्या की बहुतेक कार्डांत एकच एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारं सर्किट) सगळ्या चॅनेलांवर फिरतं. सेन्सरचा आउटपुट रोध मोठा असेल तर एका चॅनेलवरून दुसऱ्यावर जाताना व्होल्टेज स्थिरावत नाही. वेग कमी करून पाहा; सावली फिकट झाली तर मध्ये बफर ॲम्प्लिफायर टाका.

सॉफ्टवेअरमधला टर्मिनल मोड आणि प्रत्यक्ष वायरिंग जुळतंय का, तेही पाहा. तारा सिंगल-एंडेड (एक तार आणि सामायिक ग्राउंड) आणि सेटिंग डिफरन्शियल असेल तर आकडे तरंगतात. थर्मोकपलमध्ये (दोन धातूंच्या तापमान-सेन्सरमध्ये) प्रकार के निवडलाय आणि तार जे ची आहे, तर तापमान विश्वासार्ह दिसतं आणि चुकीचं असतं.

मॉडबस या संवादाच्या प्रोटोकॉलवर चालणाऱ्या मॉड्यूल्समध्ये तर जुळवाजुळवीचे खड्डे पावलोपावली. मॅन्युअलमध्ये रजिस्टर ४०००१ लिहिलेलं असतं, प्रत्यक्ष फ्रेममध्ये तो पत्ता ० जातो. म्हणून एकाने सरकलेले आकडे आले तर आधी पत्ता तपासा. ३२ बिटांचा दशांश आकडा दोन रजिस्टरांत येतो, आणि कुठलं रजिस्टर आधी हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. २५.० हा आकडा हेक्समध्ये ४१सी८ ०००० असा असतो. शब्द उलटे वाचले की ०००० ४१सी८ होतो, म्हणजे १० च्या उणे ४१ व्या घाताच्या आसपासची किंमत, जी स्क्रीनवर शून्यच दिसते. तापमान सतत शून्य येतंय पण कच्ची रजिस्टरं हलतायत, तर सॉफ्टवेअरमध्ये वर्ड स्वॅप करून पाहा. उत्तरच येत नसेल तर बॉड रेट आणि पॅरिटी बघा. मानकात इव्हन पॅरिटी आहे, पण अनेक मॉड्यूल्स नो पॅरिटीवर येतात. आरएस-४८५ च्या ए आणि बी तारांची नावंही सगळ्या कंपन्या एकसारखी वापरत नाहीत, तेव्हा त्या अदलाबदल करून पाहायला संकोच नको.

जुनी मांडणी आणि मदत मागणं

जुनं कार्ड, जुनं विंडोज आणि बंद झालेलं सॉफ्टवेअर एकत्र नीट चालत असेल तर त्याला नवं करू नका. डिस्कची प्रत काढा, नेटवर्क तोडा, इन्स्टॉलर आणि लायसन्सच्या फाइली दोन ठिकाणी ठेवा. व्हर्च्युअल मशीनमध्ये यूएसबी कार्ड पुष्कळदा चालतं, निदान मंद वेगाला. पीसीआय कार्डाचं तसं नाही, त्यासाठी पासथ्रूला (कार्ड थेट व्हर्च्युअल मशीनच्या हाती देण्याला) योग्य हार्डवेअर लागतं.

कंपनीला लिहायची वेळ आली तर पहिल्याच पत्रात कार्डाचा मॉडेल आणि सिरीयल नंबर, ऑपरेटिंग सिस्टिमचा बिल्ड, ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर यांच्या आवृत्त्या, एररचा आकडा आणि टेस्ट पॅनलमध्ये काय झालं ते द्या. मॅक्समधून टेक्निकल सपोर्ट रिपोर्ट काढून सोबत जोडा, आणि अडचण दाखवणारा शक्य तितका लहान प्रोग्रॅमही. दोन हजार ओळींचा मूळ प्रोग्रॅम पाठवलात तर तो कुणी उघडणार नाही.